कौन्सिलकाकूंचं हळदीकुंकू

लंडनमधल्या आमच्या क्रॉयडनच्या काकूंना दोन गोष्टी मनापासून आवडायच्या: पुरणपोळी आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मीटिंग. लोक सुट्टी काढून स्पेनला जायचे. काकू सुट्टी काढून टाउन हॉलच्या गॅलरीत बसायच्या. म्हणून त्या कौन्सिलकाकू.

मी मात्र इतकी वर्षं इथे राहून एकदाही मत दिलं नव्हतं. पासपोर्ट भारताचा, मग आपल्याला कोण विचारतो, असा माझा सोयीस्कर समज. काकू म्हणाल्या, "कॉमनवेल्थवाल्यांना, म्हणजे आपल्या भारताच्या पासपोर्टवाल्यांनाही, इथे मत असतं रे. कोणी सांगितलं नाही हे खरं, पण तू विचारलंस का?" मी चहा टाकायला आत पळालो. प्रश्न अवघड आला की मी चहा टाकतो.

पुढे कौन्सिलने आमच्या भागातला म्हाताऱ्यांचा लंच क्लब बंद करायचं काढलं. माझी आई सांगलीहून आलेली, इंग्रजी बेतास बात. मंगळवारी तिथे जायचं, जमैकाच्या मेव्हिसशेजारी बसून विणायचं, एवढंच तिचं बाहेरचं जग. ते गेलं असतं तर उरलो असतो टीव्ही आणि मी. दोन्हींचा तिला कंटाळा आला होता.

काकूंनी निषेध वगैरे काही केला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू केलं आणि वॉर्डच्या कौन्सिलरबाईंना बोलावलं. काकू विधवा, आईही. सवयीने आई कोपऱ्यात सरकली. काकूंनी तिला पुढे ओढून पहिलं कुंकू तिलाच लावलं. "घरात काहींना बाहेर ठेवायचं आणि टाउन हॉलात समान हक्क मागायचे, हे नाही चालायचं." मग आईच्याच हातून कौन्सिलरबाईंची ओटी भरवली. बाईंना समजावलं, आता तुम्ही आमच्या माहेरवाशीण. हा क्लब म्हणजे तुमचं माहेर.

बाईंनी नारळ सांभाळत गंभीरपणे विचारलं, हा कौन्सिलकडे गिफ्ट म्हणून डिक्लेअर करावा लागेल का?

"जरूर करा," काकू म्हणाल्या, "आणि कोणी दिला तेही सांगा."

मीटिंगला आम्ही सगळे गॅलरीत. क्लब बंद करण्याच्या बाजूने भराभर हात वर गेले. बाईंचा हात मांडीवरच राहिला. त्यांच्याकडे बघून आणखी दोघांनी आपले हात खाली घेतले. तेवढ्यावर ठराव पडला आणि शेवटी क्लब आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवायचं ठरलं. त्यात मंगळवार होता.

पुढे काकू मुलाकडे मँचेस्टरला राहायला गेल्या. स्टेशनवर गाडीत चढता चढता म्हणाल्या, "पुढच्या मीटिंगला प्रश्न कोण विचारणार?" प्लॅटफॉर्मवर चहा टाकायची सोय नव्हती. मी हात वर केला.

महिन्याभरात त्यांचा फोन आला. तिथल्या बसस्टॉपवरचा बाक कौन्सिलने काढून टाकला होता. मी काही सुचवणार, तेवढ्यात म्हणाल्या, "तू राहू दे. आईला दे फोन. ओटी भरायला कधी येतेस, विचारायचंय."