जूरीचे चार दिवस आणि रेखाचं लॉगबुक

माझं तोंड फटकळ आहे हे इथल्या, अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या, सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. म्हणून आधीच कबूल करते, माझ्या मैत्रिणीला, रेखाला, जूरी ड्यूटी टाळायचा सल्ला मीच दिला होता. २००६चा मार्च होता. इथे खटल्याचा निकाल द्यायला साध्या नागरिकांना पंच म्हणून बसवतात, तीच जूरी. तसं कोर्टाचं पत्र आलं की आमच्यात सगळे एकमेकांना हेच सांगतात. इंग्लिश कच्चं आहे म्हण, मुलं लहान आहेत म्हण आणि मोकळी हो!

रेखा म्हणाली, "सुनेत्रा, बारा वर्षं थांबले मी सिटिझनशिपसाठी. आणि या देशानं पहिल्यांदा काही काम सांगितलं तर खोटं बोलू? भलतंच काय!"

रेखा नागपूरची. नवरा संजय इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. २००१च्या मंदीत त्याची नोकरी गेली, दुसरी मिळायला दोन वर्षं लागली. तोवर ही बाई ट्रकचं लायसन्स काढून मोकळी झाली. पुढे संजयला नोकरी लागली तरी हिनं ट्रक सोडला नाही. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, काकू लोक विचारायच्या, "अगं, ट्रक? म्हणजे तो मोठा?" ही म्हणायची, "हो काकू, अठरा चाकांचा," आणि शांतपणे आणखी भात वाढून घ्यायची. मला असा राग यायचा त्या काकूंचा! हिला मात्र कधीच आला नाही.

तिच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक म्हणजे तिची फाइल. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या प्रत्येकाकडे अशी एक जाडजूड फाइल असते, पण हिच्या फाइलीत १९९३ सालची विमानाची तिकिटंसुद्धा आहेत. दुसरी गोष्ट तिचं लॉगबुक. ट्रकवाल्यांना रोजच्या चोवीस तासांचा हिशोब कागदावर रेघा ओढून द्यावा लागतो. गाडी चालवली किती, दुसरं काम केलं किती, झोप किती आणि सुट्टी किती. आठ दिवसांत कामाचे सत्तर तास भरले की पुढे गाडी चालवायची नाही. बाकीचे ड्रायव्हर हातानं वेड्यावाकड्या रेघा मारतात. ही पट्टी लावते.

तर रेखा जूरीवर गेली. सोमवार ते गुरुवार, साडेआठ ते पाच. तिच्या नियमाप्रमाणे तिनं लॉगबुकही भरलं. चारही दिवस रेघ सुट्टीच्या ओळीवरच होती. पण खाली शेऱ्याच्या जागेत बाईसाहेबांनी काय लिहावं? 'साडेआठ, जूरी हजेरी. दहा चाळीस, चहाची सुट्टी. दहा पंचावन्न, परत आत.' चार दिवस, असंच! कोणी विचारलं होतं का? नुसतं 'सुट्टी' लिहिलं असतं तर कुत्रंही फिरकलं नसतं. पण आपल्या लोकांना फॉर्मात मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात.

आणि तिथेच घोडं अडलं. शुक्रवारी ती गाडी घेऊन गेली, आणि पुढच्या सोमवारी कंपनीतला सेफ्टी मॅनेजर डेल याचा फोन आला. त्यानं ते शेरे वाचले होते. त्याचं म्हणणं असं, की कोर्ट जूरीला थोडेफार का होईना पैसे देतं, म्हणजे ते पगारी काम झालं. ट्रकवाल्यानं दुसरीकडे पगारी काम केलं तर ते तास सत्तरात धरावे लागतात. जूरीच्या आधीचे तीन दिवस चौतीस तास, जूरीचे चौतीस, शुक्रवारचे दहा. झाले अठ्ठ्याहत्तर! म्हणजे तिनं कामाचे तास सुट्टीत लपवले. आणि खोटा लॉग लिहिणाऱ्याला कंपनी त्याच दिवशी घरी बसवते. बुधवारी दहाला ये, चावी घेऊन ये, म्हणाला. माझ्याकडे कागद आहे असं ती सांगायला गेली, तर यानं फोन ठेवून दिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिनं पाच वर्षांत एक ओरखडा उठवला नाही गाडीवर, ती लबाड? खोटी नोंद केली म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरी कंपनी दारात उभी करत नाही. तिचा ट्रक कायमचा सुटणार होता. बुधवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि तिच्याबरोबर गेले. रेखाच्या मांडीवर फाइल होती.  

डेलनं माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कोण? रेखा म्हणाली, "माझी साक्षीदार." मी ताठ बसले.

तिनं टेबलावर आधी ट्रकची चावी ठेवली. मग फाइल उघडून कोर्टाचं हजेरीपत्र ठेवलं, शिक्क्यासकट. मग आणखी एक कागद. जूरीला जायच्या आठवडाभर आधी ती लायब्ररीत गेली होती आणि ट्रकवाल्यांसाठीच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमांची अधिकृत प्रश्नोत्तरं छापून घेऊन आली होती. वर तारीख, खाली तिची सही. एका प्रश्नाखाली पट्टीनं लाल रेघ. जूरी ड्यूटीचा वेळ ट्रकवाल्यानं कसा लिहावा? सुट्टी म्हणून लिहिता येतो.

डेलनं तो कागद एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग उठून आतल्या खोलीत गेला आणि कोणाला तरी फोन लावला. दहा मिनिटं आम्ही त्या चावीकडे बघत बसलो. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "अठ्ठ्याहत्तर नाहीत, चव्वेचाळीस," तो म्हणाला. "चूक माझी आहे. सॉरी." आणि त्यानं चावी दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवली. मी टाळी वाजवली. हो, वाजवली! सेफ्टी मॅनेजरच्या केबिनमध्ये.

त्यानं त्या कागदाची कॉपी मागितली, ड्रायव्हरांच्या नोटीस बोर्डावर लावायला. आजही तिथे आहे, लाल रेघेसकट. मग जाता जाता विचारलं, "पण रेखा, इतकं सगळं लिहिलंस कशाला? चहाची सुट्टीसुद्धा?"

रेखा फाइल बंद करत म्हणाली, "बारा वर्षं मी ही फाइल घेऊन खिडकीच्या अलीकडे उभी होते, डेल. पलीकडचे विचारायचे, मी उत्तरं द्यायचे. ते चार दिवस मी पलीकडे बसले होते. त्यातलं एक मिनिट तरी कोरं सोडू?"

 मला तर रडूच आलं, आणि मी सहसा रडत नाही.

गेल्या महिन्यात मलाही कोर्टाचं पत्र आलं. साडेआठला हजर राहायचंय. रेखाकडून पट्टी मागून आणली आहे.