चढाच्या पायथ्याची कोळशाची वखार

लढाई सुरू होती आणि पेट्रोलची कुपनं दर खेपेला कमी होत होती. सांगली, कुंडल, विटा या रस्त्यावर आमच्या चार मोटारी धावायच्या. यजमान लष्करात मोटारदुरुस्तीच्या कामावर गेले होते. कुठे होते ते पत्रात लिहायची त्यांना मुभा नव्हती. मोटारींचं बघायला मागे धाकटे दीर होते, पण त्यांचा जीव उसात होता, मोटारीत नव्हता.

एकदा जेवून हात धुताना ते म्हणाले, "वैनी, इकून टाकू. सांगलीचं गिऱ्हाईक हाय. मोडीत का हुईना, घेतोय."

"आणि तुमचे दादा आल्यावर त्यांना काय दाखवायचं? मोकळी शेड?"

"त्ये आल्यावर बघू की."

"ते आल्यावर ते बघतील. तोवर मी बघते."

दीर हसले, कारण तोवर मी मोटारींचं काही बघत नव्हते. मी घर बघत होते. घरात पंधरा-वीस माणसं, सुगीला त्याहून जास्त. पाहुणे कधी येणार, चुलीला सरपण किती लागणार, वैरण कुठवर पुरणार, याच्या याद्या माझ्या डोक्यात असायच्या आणि डोक्यात मावल्या नाहीत की कॅलेंडरच्या पाठीवर. मला वाटलं, मोटारीचं तरी याहून वेगळं काय असणार?

खरा प्रश्न परवान्याचा होता. परवान्याच्या साहेबांनी बजावलं होतं की रोजची फेरी झालीच पाहिजे, ज्या दिवशी मोटार विट्याला पोचणार नाही त्या दिवशी रस्ता दुसऱ्याला देऊ. परवाना गेला असता तर त्या मोटारी मोडीतच गेल्या असत्या. मग दिरांचं म्हणणं आपोआप खरं ठरलं असतं आणि ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या होत्या. मोटारीच्या मागे उभी लोखंडी टाकी बसवायची, तीत लाकूड जाळून केलेला लोणारी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून जाळ धरवायचा, आणि त्याचा गॅस नळीतून इंजिनात न्यायचा. आम्ही चारही मोटारींना टाक्या बसवल्या. टाकी बसवणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं: वाटेत कोळसा कुठे भरायचा, किती साठवायचा, आणि एकीचं भरून होईपर्यंत दुसरी कुठे उभी राहणार?

आमचा जुना ड्रायव्हर म्हणाला, "त्यात काय, वैनी! विट्याकडं बाभळीचा कोळसा लय. तिथनंच पोती टपावर टाकायची नि जायचं."

"टपावर बाजाराच्या बायकांच्या पाट्या कुठे जातील?"

"जाऊ द्या की पाट्या!"

"पाट्या गेल्या तर बायका जातील. बायका गेल्या तर मोटारीत बसणार कोण, तुम्ही आणि कोळसा?"

मग मी स्वतः रस्ता बघायला निघाले. पुढच्या बाकावर बसून सांगलीहून विट्यापर्यंत आणि परत, असं कैकदा केलं. दिरांनी आणि ड्रायव्हरनं वाटेत कोळसा भरायची वखार कुंडलच्या स्टँडवर धरली होती, कारण ते साधारण अर्ध्या वाटेवर येतं. मैल मोजले तर बरोबरच. पण कोळसा मैलांवर जळत नव्हता, वजनावर आणि चढावर जळत होता. सपाटीला रिकामी मोटार थोडक्यात भागवायची. बाजारच्या दिवशी भरलेली मोटार कुंडलच्या पुढच्या चढाला लागली की टाकी खायला उठायची, आणि वर पोचेपर्यंत इंजिन खोकायला लागायचं. म्हणून मी वखार स्टँडवरून उचलून चढाच्या पायथ्याला नेली. तिथे माणूस नाही, हॉटेल नाही, नुसती एक चिंच. सगळे हसले.

"वैनी, रानात मोटारीची चूल मांडली व्हय?" दीर म्हणाले.

"मांडली. माझ्या चुलीला कधी सरपण कमी पडलेलं पाहिलंय का?"

ते त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं.

वखारीवर पत्रे घातले, कारण ओल्या कोळशाचा गॅस धरत नाही. चाळणी ठेवली, कारण भुसा टाकीत गेला की नळी तुंबते. सांगलीची मोटार आणि विट्याची मोटार तिथे एकाच वेळी येत होत्या. राख काढून, भरून, पेटवून होईपर्यंत एकीला ताटकळत बसावं लागायचं. मी एका मोटारीची वेळ पुढे ढकलली. विट्याच्या स्टँडवर दोन दिवस ओरड झाली, मग लोकांनी आपापली न्याहारीची वेळ बदलली. जत्रांच्या दिवसांसाठी एका कोपऱ्यात वेगळा ढीग लावला आणि त्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. तो ढीग पहिल्याच जत्रेला संपला. तेवढा अंदाज माझा चुकला.

कोळसा आणायचं काम पायथ्याजवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला दिलं. रविवारी पूर्वेकडच्या धनगरवाड्यांवरची माणसं कोळसा विकायला चढाच्या वरच्या बाजारात आणत. म्हाताऱ्यानं तिथे गाडी भरायची, अंधार पडायला चढ उतरून घरी यायचं, आणि सोमवारी सकाळी वखारीत खेप टाकायची. शनिवार-रविवारच्या गर्दीनं वखार रिकामी होते, म्हणून सोमवारी भरायची. वार मीच मनाशी ठरवला आणि पुढच्या कामाला लागले.

पहिलाच सोमवार. त्याच दिवशी परवान्याचे साहेब विट्याच्या स्टँडवर येऊन बसणार असा निरोप होता, म्हणून मीही मोटारीत होते. पायथ्याला आलो तर वखारीत नुसता भुसा. टाकीतला जाळ विझत आला होता. ड्रायव्हरनं थोडा वेळ पंखा फिरवला आणि सोडून दिला.

"थंड पडली, वैनी."

"गाडी कुठाय म्हाताऱ्याची?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला तिथेच कळलं. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हे मला जन्मापासून ठाऊक. माहेरी ठाऊक, सासरी ठाऊक. पण वार ठरवताना मी कोळशाचा विचार केला होता, मोटारीचा केला होता, बैलाचा केलाच नव्हता.

मी तडक गावात गेले. म्हाताऱ्याच्या अंगणात भरलेली गाडी उभी होती, पोत्यांवर पोती. बैल गोठ्यात रवंथ करत होते.

"आवं बाबा, गाडी भरलीया, मग आणली का न्हाई?"

"आज सोमवार न्हवं, वैनी? उद्या उजाडायच्या आत आणतो."

"औताला सुट्टी असते. गाडी काय औत हाय?"

"औत न्हाई. पर जू त्येच हाय. बैलाला काय कळतंय, मागं नांगर हाय का गाडी?"

खरं सांगायचं तर त्याच्या जागी मीही बैल जुंपले नसते. त्याच्या बैलांचा सोमवार मोडून माझा परवाना वाचवायचा, असला परवाना मला नको होता. पण परवाना सोडायचीही माझी तयारी नव्हती.

"बाबा, जू तुमच्या बैलाच्या मानेला चालत न्हाई. माणसाच्या हाताला चालतंय का?"

म्हातारा म्हणाला, "त्येला काय कुनी ना म्हटल्यालं न्हाई."

मी पदर खोचला आणि जू धरलं. पाठोपाठ आलेल्या ड्रायव्हरनं दुसरी बाजू धरली. गाडी जागची हलली नाही. मोटारीतली माणसं चौकशीला येत होती. त्यात रजेवर आलेले दोन शिपाई होते. एकानं चाकाला खांदा लावला आणि ओरडला, "या रं गड्यांनो, फुकटचं बसून काय करताय!"

"तिकीट काढून गाडी वढायची व्हय?" एक बाई म्हणाली. तिची पाटी टपावर होती.

"आक्का, तुमची पाटी विट्याला जायची असंल तर वढा," मी म्हटलं. तिनं ओढलं. सगळ्यात जास्त तिनंच ओढलं आणि सगळ्यात जास्त शिव्याही तिनंच दिल्या, मला आणि बैलांनाही.

मागून म्हातारा धावत आला. "बैलांस्नी सुट्टी हाय, मला कुठं हाय?" म्हणत त्यानंही हात घातला. गाव बघायला जमलं. कुणी हसलं, कुणी गाडीला हात लावला. गाडी वखारीला पोचली.

टाकी भरली, जाळ धरला, मोटार चढ चढून गेली. विट्याला आम्ही उशिरा पोचलो, चांगलेच उशिरा. साहेब निघायच्या बेतात होते. माझ्या हातांना, लुगड्याला, तोंडाला कोळसा होता.

"फेरी चुकली," साहेब म्हणाले.

"चुकली नाही साहेब. उशिरा आली. मोटार ज्या दिवशी पोचणार नाही त्या दिवशी परवाना जाणार, असं तुम्हीच म्हणाला होता. ही पोचली."

"उशीर कशानं?"

"बैलांची सुट्टी."

"हे मी लिहू?"

"लिहा."

त्यांनी मोटारीकडे बघितलं. उतरणारी सगळी माणसं काळी होती आणि सगळी माझ्या बाजूने बोलत होती. ती आक्का तर दोघांना पुरेल एवढं बोलत होती. साहेबांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. परवाना आमच्याकडेच राहिला आणि लढाई संपेपर्यंत राहिला. कोळशाची खेप मी मंगळवारवर नेली आणि सोमवारपुरता साठा वखारीत आधीच ठेवायला लागले. पुढे दुसरी वखार काढली, तेव्हा जागा ठरवण्याआधी तिथल्या गाड्या कुठल्या वारी जुंपतात ते विचारून घेतलं.

त्या दिवशी घरी पोचले तर सोप्यात सांगलीचं गिऱ्हाईक बसलेलं. दिरांनी बोलावलं होतं. मला बघून ते गृहस्थ उठून उभेच राहिले.

"वैनी, काय झालं?" दिरांनी विचारलं.

"विट्याची फेरी झाली," मी म्हटलं. "मोटारी विकायच्या नाहीत."

गिऱ्हाईकाला चहा पाजला आणि आमच्याच मोटारीनं सांगलीला परत पाठवलं. ड्रायव्हरला सांगितलं, तिकीट घे.