घडांवरचे कागद
ताज्या शाईचा वास आला की खुलताबादजवळच्या आमच्या रोपवाटिकेमागची द्राक्षबाग आठवते. त्या वर्षी वडिलांनी ठरवलं होतं, हा शेवटचा माल घ्यायचा आणि वेली काढून बंगलेवाल्यांसाठी पामची रोपं लावायची. मी चिडून ‘बागा तोडू नका’ अशी पत्रकं शहरात शहागंजातल्या छापखान्यातून छापून आणली. आठवडी बाजारात लोकांनी ती घेतली आणि त्यावर भजी खाल्ली. उरलेला गठ्ठा मी शेडमध्ये टाकून दिला. दोन दिवसांनी पाहतो तर उन्हानं मणी भाजू नयेत म्हणून वडील घडांना कागद गुंडाळत होते, आणि ते कागद माझे होते. “अण्णा, हे काय?” “रद्दी संपली. तुझा कागद जाड हाय, लई कामाचा.” “वाचलं तरी का?” “व्हय, वाचलं. पटलं बी.” वर धरून भरून आलेला हात त्यांनी खाली झटकला. “पण गिऱ्हाईक पामाला हाय, पोरा.” मी बागेच्या दुसऱ्या टोकाकडून घड गुंडाळायला लागलो. संध्याकाळपर्यंत सगळी बाग ‘बागा तोडू नका’ म्हणत उभी होती. महिन्याभरात माल उतरला आणि वेलीही गेल्या. आता तिथं पाम आहेत, गिऱ्हाइकांशी मीच बोलतो. पत्रकं अजूनही लिहितो. छापायला देताना कागद मात्र जाड मागतो.