तुरटीच्या पाण्यातला मासा

आप्पासाहेबांना कशाकशाची किळस येत नाही, हे सांगणं सोपं होतं, कारण त्या यादीत त्यांचा स्वतःचा तांब्या सोडला तर दुसरं काही नव्हतं. जमीन मोजणीच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण कँटीनचा चहा एकदाही ओठाला लावला नाही. एसटीत बसायचं तर सीटवर आधी वर्तमानपत्र. लग्नात जेवायचं तर ताट खिशातल्या रुमालानं पुसून, आणि तरी निम्मं अन्न ताटातच. घरी आलं की आधी अंघोळ. रोजच्या दोन, उन्हाळ्यात तीन. पुंडलिकनगरात नळ आठव्या दिवशी येतो, तिथं तीन अंघोळी करणारा माणूस गल्लीच्या डोळ्यांत सलणारच.

गल्ली नुसती हसायची. चतुराबाईंना मात्र नवऱ्याचा हा सोवळेपणा भोवला. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी आतडं पोटावर बाहेर काढून तिथं पिशवी लावली होती. तीन महिने सगळी घाण त्या पिशवीत जमायची. आप्पासाहेबांनी सगळं केलं, पण उंबऱ्याच्या बाहेरून. औषधं आणली, मोसंबी आणली, पिशवी बदलायला कामाची बाई लावली. खोलीत पाऊल टाकलं नाही आणि जेवायला गच्चीवर जात राहिले. एका सकाळी कामाची बाई आली नाही, आणि नेमकी पिशवी सुटली. चतुराबाईंनी हाक मारली. आप्पासाहेब उंबऱ्यापर्यंत आले, नाकाला रुमाल लावला, तसेच माघारी फिरले आणि जिन्यात जाऊन बसले. बाई यायला दोन तास लागले. दोन तास चतुराबाई तशाच पडून होत्या.

पुढं त्या बऱ्या झाल्या, पिशवी निघाली, टाके सुकले, आणि एक दिवस त्या कन्नडला भावाकडं गेल्या त्या परत आल्याच नाहीत. भांडण नाही, तंडण नाही. दोन वर्षं झाली. घर असं लख्ख राहू लागलं की आप्पासाहेबांना ते खायला उठायचं. दूध पातळ आलं हे सांगायलासुद्धा घरात माणूस नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक द्वारका नाशकात नोकरीला. तिची बदली झाली तेव्हा तिनं आपली माशाची काचेची टाकी टेंपोत घालून बापाच्या दारात आणून उतरवली.

"हे काय गं?" आप्पासाहेब दोन पावलं मागं सरकले.

"मासा. आई म्हणती, त्या माणसाच्या हातानं घरात तुळस बी जगायची नाय. हा चार महिने जगवून दाखवा, मी तिला घेऊन येते."

"येईल का ती?"

"बघायला येईन म्हणाली. राहायचं का नाय, ते तुमचं तुम्ही बघा."

आप्पासाहेबांनी लगेच व्हय म्हटलं. मग टाकीत वाकून पाहिलं आणि आपण व्हय का म्हटलं असं त्यांना झालं. त्यांच्या डोळ्यांपुढं सोनेरी मासे होते, हॉटेलाच्या काउंटरवर असतात तसले. आत मात्र वीतभर लांबीचं राखी रंगाचं काहीतरी पडलं होतं. अंग सापाचं, पाठीवर करवतीसारखे काटे, नाकातून बाहेर आलेल्या दोन नळ्या. पोहायचं सोडून ते पुढच्या दोन परांवर उठून तळाशी चालत होतं. त्याचं नाव बिचिर, आफ्रिकेकडचा, असं द्वारका सांगत होती. आप्पासाहेबांना आफ्रिकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माशाला भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली. मासा तिच्यावरून चालत गेला. दुसऱ्या दिवशी पोळीचा चुरा घातला, तो पाण्यात फुगून तळाशी बसला आणि आंबला. मध्येच मासा झपकन वर यायचा, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळायचा आणि खाली जायचा. हा मरायला टेकला, असं धरून आप्पासाहेबांनी शफीला फोन लावला. जुन्या शहरात माशांचं दुकान असलेल्या शफीचा नंबर द्वारकानं लिहून ठेवला होता.

"हवा ले रा वो, साब," शफी म्हणाला. "उसकी आदत है. ऊपर जागा छोडो, ढक्कन पे वजन रखो, नै तो बाहर निकल जाता. और दाल नक्को. उसकू केचवे, गांडूळ होना, अळी होना."

अळी. शफीनं लाल अळ्यांच्या गोठवलेल्या वड्या दिल्या आणि त्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितल्या. आप्पासाहेबांनी त्या तीन पिशव्यांत, मग डब्यात, मग डबा पुन्हा पिशवीत घातला आणि त्या दिवसापासून फ्रीजमधलं दूध पिणं सोडलं. वडी पाण्यात सुटली की बारीक तांबड्या अळ्या विखरायच्या, मासा नाकाच्या नळ्या हलवत त्या हुंगत यायचा आणि जबडा वासून ओढायचा. आप्पासाहेब चतुराबाईंच्या पापड भाजायच्या चिमट्यानं, तोंड भिंतीकडं करून वडी सोडत. रोज त्यांना उमासा यायचा, आणि रोज ते कॅलेंडरवर एक दिवस खोडायचे.

पण खाणारा जीव हगणारच. पंधरा दिवसांत पाणी गढूळ झालं, काचेला बुळबुळीत थर चढला. आपल्या बैठकीत, आपल्या खुर्चीसमोर, रात्रंदिवस घाणीची टाकी, ह्या विचारानं त्यांना घास गिळवेना. नळ आला त्या सकाळी त्यांनी मग्यानं टाकी तळापर्यंत उपसली, माशाला बादलीत घातलं, काचा घासल्या आणि नवं पाणी भरलं. आणि मग त्यांच्या हातानं जे केलं, ते डोक्याला विचारून केलंच नव्हतं. त्या घरात पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलं की त्यात तुरटी फिरवायची, सात फेरे. आईनं शिकवलं होतं. टाकीत त्यांनी चांगले वीस फेरे दिले. तासाभरात गाळ खाली बसला आणि पाणी असं नितळलं की मधे काच आहे की नाही कळेना. आप्पासाहेब खुर्ची ओढून समोर बसले. मासा आल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी मासा कुशीवर पडला होता. अंगावरून पांढऱ्या बुळबुळीच्या चिंध्या सुटत होत्या, नाकाच्या नळ्या हलत नव्हत्या. आप्पासाहेबांनी चप्पलसुद्धा धड घातली नाही, रिक्षा करून शफीचं दुकान गाठलं.

"फिटकरी?" शफीनं कपाळाला हात लावला. "मछली की दाढी बनाए क्या, साब?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आप्पासाहेबांना हसणं ऐकू गेलं नाही. "जगंल का तो?" एवढंच ते विचारत राहिले.

शफीनं मग नीट सांगितलं. आज निम्मं पाणी बदला, पुढं रोज दोन बादल्या. पाणी बिनतुरटीचं, उघडं ठेवून मुरलेलं. आणि तळाचा मळ नळीनं ओढून काढा. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, पाणी चढलं की सोडून द्या.

बिनतुरटीचं मुरलेलं पाणी घरात एकाच ठिकाणी होतं, अंघोळीच्या हौदात. नळाला अजून आठ दिवस. आप्पासाहेबांनी हिशेब केला आणि आपली अंघोळ माशाला दिली. दोनाची एक झाली, एकीची अर्धी बादली, आणि शेवटचे तीन दिवस नुसतं ओलं फडकं. मानेवर मळाची रेघ उमटली. स्वतःच्या अंगाचा वास त्यांना पहिल्यांदा आला आणि तो इतरांच्या वासाहून काही निराळा नव्हता.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी नळी हातात घेऊन ते घटकाभर उभेच होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लावला नाही, त्यानं डोळे मिटले, नळी तोंडात धरली आणि ओढली. घाईत जास्तच ओढली. कुजकी अळी, शेवाळ आणि माशाची घाण, सगळं घोटभर तोंडात आलं, थोडं घशाखाली गेलं. ते मोरीपर्यंत पोचले आणि सकाळपासूनचं सगळं ओकले. मीठ-पाण्यानं चार वेळा चूळ भरली. परत आले तर नळीतलं पाणी उतरून गेलं होतं, मासा तसाच कुशीवर. त्यांनी पुन्हा नळी तोंडात धरली.

असं अकरा दिवस चाललं. मासा चिमट्याला बुजायचा, म्हणून ते अळ्या बोटांवर घेऊन त्याच्या नाकाशी नेऊ लागले. सहाव्या दिवशी त्यानं जबडा उघडला आणि अळीबरोबर बोटही तोंडात धरलं. थंड, बुळबुळीत, खरखरीत. आप्पासाहेबांनी हात काढला नाही.

चार महिने भरले त्या रविवारी सकाळी द्वारका आईला घेऊन आली. चतुराबाई वाळल्या होत्या, पण चालत आल्या. आप्पासाहेबांनी त्यांना धड बसूही दिलं नाही. बाही वर करून हात टाकीत घातला, तळाची घाण बोटांनी उचलून दाखवली, तळहातावर अळ्या घेतल्या. मासा दोन परांवर चालत आला आणि खाऊ लागला. मग त्यांनी तुरटीपासून सगळं सांगितलं. नळीचं तर दोनदा सांगितलं.

"तोंडानं वढलं?" चतुराबाईंनी विचारलं.

"व्हय."

"घाण तोंडात गेली?"

"गेली ना. वकलो, चूळ भरली, परत वढलं. अकरा दिवस." त्यांचा आवाज चढला होता. आता ही शाबास म्हणणार, अशी त्यांची खात्रीच होती.

चतुराबाईंनी टाकीच्या काचेवरून बोट फिरवलं.

"मला वाटायचं, ह्यांच्यानं होतच नाय," त्या म्हणाल्या. "कुणाला इच्चूकाट्याचं भ्या असतं, तसं. देवानंच तसं घडवलं, मग माणसानं काय करावं. कन्नडला दोन वर्सं मी मनाला हेच सांगितलं." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "म्हंजी तुम्हाला जमत व्हतं."

"अगं, मासा मरायला टेकला व्हता," आप्पासाहेब म्हणाले.

"मी बी बरी नव्हते."

एवढं बोलून त्या लेकीकडं वळल्या. "द्वारके, कन्नडची गाडी किती वाजता हाय?"

द्वारकानं बापाकडं पाहिलं, मग आईची पिशवी उचलली. दोघी गेल्या. आप्पासाहेब टाकीत हात तसाच ठेवून उभे होते. मासा बोटांशी येऊन अजून अळी मागत होता, त्याची बुळबुळ हाताला लागत होती, आणि तिचं त्यांना काहीच वाटलं नाही. किळस आली ती स्वतःची. आणि ती ओकून टाकता येईना.