चिंगीला भीती शिकवायची होती

नंदा सोहोनी एका जागी स्वस्थ बसली आहे असं सिंगापूरच्या बिशान भागातल्या त्या ब्लॉकमध्ये कुणी पाहिलं असेल, तर त्यानं शपथेवर सांगावं. पायाला भिंगरीच होती बाईंच्या. कोथरूडला तिनं अकरा वर्षं पाळणाघर चालवलं. एका वेळी चौदा पोरं; कुणाचं नाक पूस, कुणाची दुपटी वाळत घाल, कुणाला मांडीवर घेऊन वरणभात भरव. चाळिशी उलटल्यावर नवऱ्याला, श्रीनिवासला, सिंगापूरच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्यामागून तीही डिपेंडंट पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या आधारानं मिळणाऱ्या परवान्यावर, इथं आली. मुलगा तन्मय पुण्यात शिकायला राहिला. मग उरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यात सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत एकटी नंदा. पहिल्या वर्षी तिनं स्टीलचे डबे इतक्यांदा घासले, की श्रीनिवास म्हणाला, आता भोकं पडतील. त्यावर ती चिडून दोन दिवस बोलली नव्हती.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या जानेवारीतली. ब्लॉकसमोरच्या रेन ट्रीच्या फांद्या छाटायला माणसं आली होती. करवतीचा आवाज थांबला, लॉरी भरून निघून गेली, आणि भाजी घेऊन परतणाऱ्या नंदाला गवतात काहीतरी वळवळताना दिसलं. बोटाएवढा जीव. डोळे मिटलेले, अंगावर नुसती लव, शेपूट सुतळीसारखी. खारीचं पिल्लू. नंदानं उलटंसुलटं करून पाहिलं, पाठीवर पट्टे कुठं दिसेनात. आपल्याकडची ती पट्ट्यांची खार इथं नाहीच. इथल्या खारीची पाठ साधी करडी, पोट तांबूस, आणि दोन्ही कुशींना तेवढी एकेक काळी-पांढरी रेघ. शेजारच्या झाडावर एक मोठी खार खोडावरून खालीवर करत ओरडत होती. करवतीला घाबरली असेल बिचारी, असं म्हणत नंदानं पिल्लू ओढणीत गुंडाळलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. रडणारं मूल दिसलं की आधी उचलायचं, हा तिचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता.

आता पुढची अक्कल बघा. घरी येऊन बाईंनी काय करावं? ट्रंक उघडून तन्मयचं चांदीचं बोंडलं काढलं! गाईचं दूध कोमट केलं, त्यात थोडी साखर विरघळवली, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि बोंडल्याची चोच त्याच्या तोंडाला लावली. शेकडो बाळांना पाजलेला हात तो. दूध सरळ श्वासनळीत गेलं. पिल्लाच्या नाकातून फेस आला, आणि छातीतून किटकिट असा आवाज यायला लागला. नंदा तशीच अनवाणी दोन दारं सोडून पलीकडे मिसेस लिमकडे धावली.

मिसेस लिम सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, कमी बोलणाऱ्या. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. त्यांनी पिल्लू डोकं खाली करून धरलं, नाक पुसलं, गरम पाण्याच्या बाटलीवर टॉवेल टाकून त्यावर ठेवलं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर, हे त्यांनी ऐकवलं. उताणं कधीच पाजायचं नाही. पालथं धरायचं, बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब द्यायचं, आणि गाईचं दूध तर मुळीच नाही, कुत्र्याच्या पिल्लांची पावडर आणायची. पाजून झालं की ओल्या कापसानं खाली हलकेच पुसायचं, म्हणजे शू होते. आई हे जिभेनं करते. आई म्हटल्यावर त्या थांबल्या. झाडावर मोठी खार होती का, त्यांनी विचारलं. नंदानं होती म्हणून सांगितलं.

"तीच आई," मिसेस लिम म्हणाल्या. "खोक्यात घालून झाडाखाली ठेवलं असतं आणि तू लांब उभी राहिली असतीस, तर ती तोंडात धरून घेऊन गेली असती."

नंदा खाली जाऊन, पिल्लाचं खोकं झाडाखाली ठेवून, संध्याकाळपर्यंत लांब उभी राहिली. पण ती खार काही पुन्हा दिसली नाही. आईच्या देखत आपण मूल पळवलं, ही गोष्ट तिला जी लागली ती लागलीच. अगं, मुद्दाम थोडंच केलंस, असं श्रीनिवासनं समजावलं तर ती त्याच्यावरच खेकसली.

पिल्लू जगलं. कसं जगलं ते त्याचं त्याला ठाऊक. नंदानं घड्याळ लावून दर तीन तासांनी सिरिंज धरली, पिल्लाचं नाव चिंगी ठेवलं. दोन आठवड्यांनी चिंगीचे डोळे उघडले आणि समोर पहिलं दिसलं ते नंदाचं तोंड. शेपूट फुलली. दुधाबरोबर पेरू, मक्याचे दाणे, कोवळी पानं सुरू झाली. शेंगदाणे भरवायची नंदाला फार हौस. पण शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या खारीची हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात, असं मिसेस लिमनी बजावलं होतं. दात जन्मभर वाढत राहतात म्हणून कुरतडायला सालीसकट फांद्या, चुन्यासाठी माकुळीचं हाड. शिवाय ह्या खारी किडेही खातात. जन्मात अंड्याला न शिवलेली नंदा पेट शॉपमधून अळ्या आणून पापड भाजायच्या चिमट्यानं भरवायला लागली! श्रीनिवासनं तो चिमटा पुन्हा स्वयंपाकात दिसला तर मी हॉकर सेंटरवर जेवेन, असं जाहीर केलं.

एक गोष्ट मिसेस लिमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केली होती. इथं रानटी प्राणी घरात पाळायची परवानगी नाही, आणि असती तरी ही खार पिंजऱ्यातली नव्हे. खाती-पिती झाली की झाडावर. नंदानं मान डोलावली होती. खरं म्हणजे तिला ते पटलंही होतं. उचललेलं जिथल्या तिथं ठेवल्याशिवाय तिला स्वतःचं तोंड आरशात बघवणार नव्हतं. फक्त अजून वेळ आहे, असं ती मनाशी म्हणत राहिली.

आणि मार्चमध्ये श्रीनिवास एक दिवस भर दुपारी घरी आला. मंदीत त्याच्या कंपनीनं अख्खं खातं बंद केलं होतं. पास रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. अठरा एप्रिलची तिकिटं निघाली. तो बिचारा पाणी पीत सोफ्यावर बसून राहिला, आणि ही बाई, मेली, मनात चिंगीचे आठवडे मोजत होती. तिचं तिलाच वाईट वाटलं, पण मोजणं काही थांबलं नाही.

मग घाई सुरू झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीला लाकडी खोकं बांधलं, आत नारळाचा काथ्या घातला, आणि खिडकी उघडी टाकली. चिंगी पहिल्या दिवशी ग्रिलपर्यंत गेली, चौथ्या दिवशी फांदीवर. आठवड्याभरात सालीखालच्या मुंग्या शोधायला लागली, दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात पानं कोंबून घरटंही करायला लागली. हे तिला शिकवावं लागलं नाही. नंदा खिडकीला नाक लावून बघायची आणि डोळे पुसायची.

पण घाबरणं चिंगीला येत नव्हतं. खाली बाकावर पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या खांद्यावर ती बिनधास्त उडी मारायची. शाळेची पोरं दिसली की खोडावरून खाली. आणि एके संध्याकाळी नंदानं वरून पाहिलं, तर ब्लॉकखालची पिवळी मांजर दबा धरून बसलेली, आणि ही शहाणी तिच्या दिशेनं टुणटुण चाललेली. नंदा जिन्यानं धावत सुटली, एक चप्पल दुसऱ्या मजल्यावरच राहिली. मांजरीला हाकललं. चिंगी मजेत तिच्या हातावर चढून पेरू शोधायला लागली.

त्या रात्री नंदाला झोप कसली येते. सकाळी मिसेस लिमनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला वाटतं, जो दिसेल तो नंदा," त्या म्हणाल्या. "रानात आई भीती शिकवते. इथं आई तू आहेस. तू गेल्यावर ती आठ दिवस टिकायची नाही."

म्हणजे काय करायचं ते नंदाला कळलं. खायला घालायचं नाही, हाक मारायची नाही, जवळ आली की घाबरवायचं, खरोखरीचं. जिनं अकरा वर्षांत एका पोराला चापट मारली नव्हती, तिला हे जमणार होतं? तिनं दहा दिवस टाळलं. भांडी बांधली, सोडली, परत बांधली. श्रीनिवासला वाटलं, हिला पुण्याची धास्ती आहे. मिसेस लिमना हो हो म्हणायची आणि हळूच पेरूची फोड खिडकीत ठेवायची. चौदा तारखेला ती फोड ठेवताना तिचा हात थबकला. चार दिवस राहिले होते. पाचव्या दिवशी इथं कोण ठेवणार होतं फोड?

तिनं खोकं सोडून आत घेतलं. चिंगी आली, ग्रिलमधून तिच्या मनगटाकडे झेपावली. नंदानं पातेल्याचं झाकण ग्रिलवर दाणकन आदळलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. चिंगी फांदीवर जाऊन थरथरत राहिली. पाच मिनिटांनी पुन्हा आली, हळूहळू, मान वाकडी करून, जणू काहीतरी चुकून झालं असावं. नंदानं पुन्हा झाकण आदळलं. त्या दिवशी चिंगी नऊ वेळा आली. नवव्या वेळी नंदानं तिच्या अंगावर तांब्याभर पाणी मारलं, आणि खिडकी लावून खालीच फतकल मारून हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी चिंगी तीनदा आली. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. सतरा तारखेला ती फांदीवरही दिसली नाही. मेली तर नसेल? दिवसभर नंदा खिडकीपासून हलली नाही.

अठराला सकाळी टॅक्सी आली. श्रीनिवास बॅगा चढवत होता, मिसेस लिम निरोप द्यायला खाली उतरल्या होत्या. नंदा मात्र मान वर करून झाडाखाली घिरट्या घालत होती. आणि खोडावर, हात पुरेल न पुरेल एवढ्या उंचीवर, ती दिसली. उलटी लटकून साल कुरतडत होती. नंदा न राहवून दोन पावलं पुढं झाली.

चिंगी क्षणात वर गेली. उंच फांदीवरून शेपूट झटकत तिनं आवाज लावला: चक्, चक्, चक्, एकसारखा, कर्कश. तिनं असा आवाज काढल्याचं नंदानं कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या झाडावरच्या दुसऱ्या खारीही जागच्या जागी थिजल्या.

मिसेस लिम हसल्या. खारी मांजर दिसली की असं ओरडतात, त्यांनी सांगितलं.

टॅक्सी निघून बरीच पुढं गेली तरी नंदाचं रडणं थांबेना. श्रीनिवासनं तिचा हात हातात घेतला, आपण अधूनमधून येऊ गं इकडे, असं काहीबाही म्हणाला, आणि काय झालं ते विचारलं.

"मला मांजर समजली हो ती," नंदा म्हणाली. "जगेल आता."