पलूसपर्यंत खोडलेले सात फॉर्म

एमएच्या प्रोजेक्टसाठी सातारा-सांगली फिरायचं मी ठरवलं तेव्हा आई म्हणाली, लोकांना दवाखान्याबद्दल विचारायला एवढ्या लांब कशाला जायचं? पण मला जायचंच होतं. माणसं पैसे, वेळ, अंतर यांचा हिशोब करून निवड कशी करतात, हे आकड्यांतून शोधायचा विषय मला जाम आवडतो. इंग्लिश मीडियममुळे त्याची पुस्तकं कळतात. माणसं कळतात का, ते बघायचं होतं.

माझ्याकडे कार्डं होती. प्रत्येक कार्डावर दोन काल्पनिक दवाखाने आणि तीनच गोष्टी: किती लांब, किती खर्च, किती वेळ बसावं लागेल. समोरच्यानं एक निवडायचा. एक कार्ड परीक्षेचं होतं. त्यात पहिला दवाखाना जवळ, स्वस्त आणि रिकामा. दुसरा लांब, महाग आणि गर्दीचा. दुसरा निवडला तर माणूस लक्ष देत नाहीये असं धरायचं आणि त्याचा फॉर्म वगळायचा. पुस्तकात तसंच दिलंय.

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली तर साताऱ्याला जेवायच्या आधी पोचता येतं. स्टँडवरच पहिलं कार्ड एका रिटायर्ड फौजी काकांना दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "माझं मिलिटरी हॉस्पिटल यात कुठाय? तिथं फुकट हाय." मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. स्टँडमागच्या लॉजला सहाशे रुपये पडले. गरम पाणी आठपर्यंतच येतं, त्यामुळे लवकर उठा. बाजारात दिवसभर फिरून भरपूर फॉर्म भरले. परीक्षेच्या कार्डावर चौघं नापास झाले. लाल पेनानं खोडले.

तिसऱ्या दिवशी पलूस. तिथे आणखी दोन खोडले, आणि मग शकीलाचाचींच्या दारात पोचले. त्यांचे मिस्टर निसारभाई गाद्या भरतात. दुकान पुढे, घर मागे, सगळीकडे कापूस उडतोय. चाचींनी चहा ठेवला आणि शांतपणे कार्डं बघत बसल्या. परीक्षेच्या कार्डावर त्यांनी गर्दीचा दवाखाना निवडला. मी त्यांच्यासमोरच फॉर्मवर लाल रेघ मारली. सातवा.

मग कळलं की घरात खराच वाद चालू आहे. निसारभाईंच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन ठरवायचं होतं. त्यांचे भाऊ यासीनभाई म्हणत होते की जवळच करू, लगेच नंबर लागतोय, खर्चही कमी. चाचींना मिरजेला न्यायचं होतं. निसारभाई गादीला टाके घालत होते, म्हणाले, "माझं पोट हाय, पण मला कोण इचारतंय?"

यासीनभाईंनी मला विचारलं, "ताई, तुमी एवढं गाव फिरलाय. लोकं काय म्हणत्यात?"

मी उत्साहात सांगून टाकलं की जवळचा, स्वस्त आणि रिकामा दवाखाना असेल तर सगळे तोच निवडतात. अगदी सगळे.

"ऐकलंस का भाभी? शिकलेली पोरगी सांगतीया."

चाची कप उचलून आत गेल्या. शुक्रवारी जवळच ॲडमिट करायचं, हे माझ्यासमोर ठरलं.

चौथा दिवस मिरजेसाठी ठेवला होता. सतारी बनवणाऱ्यांची गल्ली बघायची होती, आणि ती चुकवू नका; भोपळे टांगलेली ती दुकानं बघण्यासारखी आहेत. पण आधी एका हॉस्पिटलबाहेर कार्डं घेऊन उभी राहिले. रांग गेटच्या बाहेर आली होती. कवठेमहांकाळकडून आलेल्या एका मामांना विचारलं, एवढं बसावं लागतं तरी इथेच का?

"बसाय लागतंय म्हणूनच की. डॉक्टरचा हात रोज चालतोय. जिथं कोण न्हाई, तिथला हात कधी चालायचा?"

मी पिशवीतून लाल रेघांचे सात फॉर्म काढले. चाचींसारखा विचार करणारी सगळी माणसं मी आधीच बाहेर काढली होती, आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून चाचींना सांगितलं होतं की सगळे असंच म्हणतात. वर ते कार्डांवरचे दवाखाने होते, पलूसजवळचा नव्हे. तो चांगलाही असेल. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

सांगलीला बस बदलून दुपारी परत पलूस गाठलं. यासीनभाई आणि चाचींसमोर फॉर्म ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. यासीनभाई चिडले. "काल एक, आज एक. गाठ तुमच्या पोटात न्हाई, म्हणून जमतंय."

त्यांचं बरोबर होतं. मी चाचींना विचारलं, तुम्ही तो दवाखाना का निवडला होता?

"काल इचारलंच न्हाईस की," त्या म्हणाल्या. "रेघच मारलीस."

कारण त्यांनी मामांसारखंच सांगितलं. मी कुठे जा ते सांगितलं नाही. फक्त माझं कालचं बोलणं धरू नका, एवढं दोनदा म्हटलं आणि निघाले.

पुण्यात येऊन सातही फॉर्म परत आकड्यांत घेतले. निकाल पहिल्यासारखा सुबक राहिला नाही. गाइड मॅडम म्हणाल्या, मग तसंच लिही. पुढच्या कार्डांवर आता "का?" लिहायला एक रिकामी ओळ आहे. तुम्ही असं काही करायला निघालात तर तेवढी ओळ नक्की ठेवा.

मागच्या आठवड्यात चाचींचा फोन आला. शेवटी मिरजेला नेलं होतं. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली आहे आणि रिपोर्टसाठी त्या रांगेत बसल्या होत्या. मी विचारलं, मिरजेला नेलं ते बरं झालं असं वाटतं का?

"ते कसं कळायचं पोरी? तिकडं नेलं आसतं तर काय झालं आसतं, ते कुणाला दिसतंय?" मागून कुणीतरी नंबर पुकारला. "थांब, आमचाच हाय," म्हणाल्या आणि फोन चालू ठेवूनच आत गेल्या. मी कानाला लावून बसले.