तिच्या नावावरचा आटा

अक्षर वेडंवाकडं आहे आणि लिहिण्यात चुका होतील, त्याची माफी असावी. मी चौथीपर्यंतच शिकले.

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये मी आणि आणखी एक बाई एकाच दिवशी कामाला लागलो. कामावरची बाई टिकावी म्हणून तिथं पहिला पगार दोन महिने झाल्यावर देतात. तेवढ्या दिवसांत मी वाळून गेले, ती मात्र होती तशीच गुटगुटीत. बार्शीटाकळीहून रोज ऑटोनं यायची, तेही उधारीवर. डाळ निवडताना तिचं तोंड हातापेक्षा भरभर चाले. काही मागायचं असलं की आधी हसायची, मग मागायची, आणि माणूस देऊन टाकायचा. ते हसू मला हवं होतं, म्हणून तिचा राग यायचा.

एकदा मी डबा आणला नाही हे पाहून तिनं मला ओढतच समोरच्या किराणा दुकानात नेलं.

"दादा, हिले पाच किलो आटा द्या. लिवा माह्या नावावर."

"तुमचं आधीचंच बाकी हाये, बाई."

"मंग मी काय मिल उचलून पयून चालली काय?"

दुकानदार हसला आणि आटा तोलायला लागला. मी खाली बघत राहिले.

"काहून लाजून राहिली वं? लाजून पोट भरते काय?"

त्या आट्याच्या पोळ्या घरी माझ्या लेकरांनी पोटभर खाल्ल्या. मी त्यांना हात लावला नाही.

पगार हातात पडताच मी तिच्या आधी दुकानात धावले आणि पाच किलो आट्याचे पैसे पुढे ठेवले.

"कोणाच्या नावावरचे?" दुकानदारानं विचारलं.

मी तिचं नाव सांगितलं. त्यानं वहीत आट्यावर रेघ मारली. माझं नाव विचारलंसुद्धा नाही. पण आट्याचे पैसे तेवढे फिटले.